येथे वळण लावून मिळेल

फ्रिजने उचकी दिली आणि मी दचकले.

तोवर घर अगदी गप्प होतं. भिंगरी पलंगावर आडवीतिडवी झोपली होती. भिंगरी म्हणजे आमची लेक. जागी असली की एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. नवरा कामावर गेला होता. आणि मी भर दुपारी, कामाच्या वारी, स्वतःच्या घरात जागी आणि रिकामी बसले होते. लग्न झाल्यापासून असं कधी घडलंच नव्हतं. आपला फ्रिज दुपारी उचक्या देतो हे मला त्या दिवशी कळलं. बिचाऱ्याची कोण बरं एवढी आठवण काढत असेल, यावर मी बराच वेळ विचार केला. नोकरी गेलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो, विचार मात्र असेच असतात.

मी एका प्रवासी कंपनीच्या तक्रार विभागात होते. कोणाची बॅग भलत्याच गावाला गेली, कोणाच्या खोलीच्या खिडकीतून समुद्राऐवजी शेजारची भिंत दिसली, कोणाला मागे ठेवून बसच पुढे निघून गेली, की माझं काम सुरू. मी माफी मागायचे. तीही हाताने लिहून. आमच्या साहेबांचं म्हणणं असं, की छापील माफीने माणूस आणखी पेटतो आणि हाताने लिहिलेल्या माफीने विरघळतो. माझं अक्षर चांगलं आहे. असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही. एका गृहस्थांनी माझं माफीपत्र चौकट करून दिवाणखान्यात लावलं होतं. त्यांची बॅग शेवटपर्यंत सापडली नाही, पण त्यांची काही तक्रार नव्हती.

मग ते वर्ष आलं. शाळांपासून दुकानांपर्यंत एकामागून एक सगळंच बंद पडायला लागलं. कोणी प्रवासाला निघेना. प्रवास नाही म्हणजे बॅगा नाहीत, बॅगा नाहीत म्हणजे तक्रारी नाहीत. तक्रार करायलाच कोणी उरलं नाही, तेव्हा माफी तरी कोणाची मागणार? तरी कंपनीने शेवटची एक माफी मागितली. माझी. पाकिटात एकच कागद होता: ‘आपणांस होणाऱ्या गैरसोयीची आम्हांला मनापासून जाणीव असून आम्ही त्याबद्दल अत्यंत दिलगीर आहोत.’

वाक्य माझंच होतं. त्यातला ‘मनापासून’ तर मी साहेबांशी भांडून घातला होता. माझ्याच वाक्याने मला घरी बसवलं, हे एक वेळ मी सहन केलं असतं. पण ते छापील होतं हो! निदान हाताने तरी लिहायचं.

नवऱ्याची नोकरी होती, पण पगार आणि कामाचे दिवस दोन्ही निम्म्यावर आले होते. तो लिफ्टच्या कंपनीत आहे, त्यामुळे अधांतरी राहायची त्याला सवय आहे. मला नव्हती. शिवाय आमचं घर भाड्याचं. महिना संपायच्या आत मला काही काम मिळालं नाही, तर घर सोडून थोरल्या जाऊबाईंच्या मागच्या खोलीत राहायला जायचं असं ठरलं होतं. म्हणजे ठरवलं होतं जाऊबाईंनी. आम्ही नुसतं ‘बघू’ म्हणालो होतो, पण त्यांच्याकडे ‘बघू’चा अर्थ ‘कधी येऊ?’ असा होतो.

जाऊबाई वाईट आहेत असं कोणी समजू नये. त्या चांगल्या आहेत, हीच तर खरी अडचण. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. त्यांच्या घरात प्रत्येक टॉवेलला मालक आहे, प्रत्येक कपाला ठरलेली खुंटी आहे आणि दुपारी कोणी शिंकलं तर आतून ‘कोण ते?’ असा आवाज येतो. तिथे आमची भिंगरी कशी राहणार? दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा.

“अगं, खोली रिकामी करतेय. व्यायामाची सायकल तेवढी हलवायचीय.”

“वहिनी, एवढी घाई कशाला?”

“घाई कसली? तुमच्यासाठी सायकल सोडतेय मी!” जणू काही त्या सायकलवरून त्या रोज कुठे जातच होत्या. तिच्यावर कपडे वाळत घालण्याखेरीज तिचा कोणी व्यायाम घेतला नव्हता.

काम शोधायला सल्ले भरपूर होते. तळमजल्यावरच्या काकूंनी मेणबत्त्या करायला सांगितलं. त्या वर्षी आमच्या इमारतीत आधीच तीन जणी मेणबत्त्या करत होत्या आणि एकमेकींच्या विकत घेत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “संकटात संधी शोधायची.” कुठे शोधायची ते त्यांना विचारलं, तर पाण्याचा पंप बंद करायची वेळ झाली म्हणून निघून गेले. मी चार ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून उत्तर आलं, ‘आम्ही अत्यंत दिलगीर आहोत.’ माझं वाक्य फारच लोकप्रिय झालं होतं.

आणि मग फ्रिजच्या त्या उचकीनंतर, हाताला चाळा म्हणून, मी घरातल्या डब्यांवर नावं लिहायला घेतली. साखर. चहा. मीठ. डबे संपले तरी हात थांबेना. संध्याकाळी नवरा आला आणि दारातच उभा राहिला.

“फ्रिजवर ‘फ्रिज’ लिहिलंयस?”

“हो.”

“का, ओळख पटत नव्हती?” असं म्हणून तो जवळ गेला, मान तिरकी करून बघत राहिला. “पण काय सुंदर लिहिलंयस गं. फ्रिजचा दर्जा वाढला. हे लोकांना का शिकवत नाहीस?”

मी भिंगरीच्या तोंडात घास भरवत होते. तो घास तसाच हवेत राहिला. अहो, सगळ्या घरांत मुलं महिनोन्‌महिने बसून होती, बोटांनी फोनचे पडदे सरकवत होती, आणि त्यांची अक्षरं म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी नाचावी तशी झाली होती! मी शिकवीन! मुलांच्या अक्षराला वळण लावीन! त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. नवऱ्यालाही आली नाही, कारण मी त्याला सारखी उठवत होते.

पाटीवरचा मजकूर तयार झाला: ‘मुलांच्या हस्ताक्षराला येथे उत्तम वळण लावून मिळेल.’ कागदावर मी तो असा काही लिहिला, की नुसता कागद लावला असता तरी भागलं असतं. पण काकू म्हणाल्या, “कागद नको, उडून जाईल. पत्र्याची पाटी कर. माझ्या ओळखीचा पेंटर आहे. नवीनच आहे, पण हात फार स्थिर.”

हात स्थिर होता यात शंका नाही. तो गृहस्थ गेल्या महिन्यापर्यंत घड्याळं दुरुस्त करायचा. पण त्या वर्षी वेळेची गरजच कोणाला उरली नव्हती, म्हणून दुकान बंद करून त्याने ब्रश हाती घेतला होता. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. तो आला तो डोळ्याला भिंग लावून. पाटी मांडीवर घेतली, श्वास रोखला, आणि तासाभराने मला हाक मारली. मी पाहिलं. पिवळीधमक पाटी कोरी होती.

“काही लिहिलं नाहीत?”

“लिहिलंय की. जवळ या ना, ताई.”

पाटीच्या खालच्या काठाला अख्खं वाक्य होतं. सुबक, रेखीव, काना-मात्रा जागच्या जागी, आणि आकाराने मनगटी घड्याळाच्या तबकडीवर कंपनीचं नाव असतं तेवढं.

“अहो, हे रस्त्यावरून कसं दिसायचं?”

“रस्त्यावरून कशाला बघायचं? लोकांनी थांबून, जवळ येऊन बघावं. आजकाल कोणी थांबतच नाही, ताई.”

मला त्याचं म्हणणं पटत होतं, पण जाऊबाईंची सायकलही दिसत होती. म्हणून मी जरा करड्या आवाजात म्हणाले, “ते काही नाही. एक तरी शब्द मोठा काढा! चांगला हातभर!”

“कोणता?”

आता वाक्यातला मुख्य शब्द कोणता, हे काय मला विचारायचं होतं? “वळण,” मी म्हणाले.

एवढ्यात सेक्रेटरी आले. पाटी फाटकावर लावायला त्यांची हरकत नव्हती, पण बाण हवा होता. बाण नसला की लोक समोरच्या इमारतीत शिरतात आणि मग तिकडचे सेक्रेटरी यांना बोलतात. म्हणून घड्याळजीने काळ्या रंगात एक जाडजूड बाण काढला. आमच्या आवाराकडे वळणारा, अगदी डौलदार.

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत हातभर ‘वळण’, त्याखाली बाण, आणि पाटी रस्त्याच्या कडेला. घड्याळजी, सेक्रेटरी, भिंगरी आणि मी, आम्ही चौघं खाली उभं राहून कौतुकाने बघत होतो. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. भिंगरी म्हणाली, “छान आहे!” तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला माफ. पण आम्हाला येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत चहा घेत होते, तेव्हा ब्रेडची गाडी आमच्या आवारात शिरली. चांगली वेगात आली, शेवटच्या भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. ड्रायव्हर उतरला, भिंतीकडे बघितलं, परत गाडीत बसला, परत उतरला. आमचं आवार लांबट आणि चिंचोळं. शेवटी भिंत, भिंतीपलीकडे मोकळं माळरान. गाडी फिरवायला जागा नाही. आत आलेल्याने तसंच उलटं मागे जायचं.

“रस्ता कुठाय?” त्याने ओरडून विचारलं.

“कुठला रस्ता?” मी वरून विचारलं.

“वळल्यावरचा!”

तेवढ्यात त्याच्या मागे एक रिक्षा आली. तिच्या मागे गॅसची गाडी. मग शाळेची रिकामी बस अर्धी आत आली आणि अर्धी बाहेर राहिली. सेक्रेटरी पायजम्यावर धावत खाली गेले आणि सगळ्यांना एकाच वेळी ‘मागे घ्या, मागे घ्या’ म्हणू लागले. सगळ्यांनी घेतल्यासुद्धा. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

मी जिना उतरेपर्यंत आमच्या फाटकात सभा भरली होती. सगळे एकदमच बोलत होते. मी माफी मागायला सुरुवात केली, पण तोंडी माफीचा मला सराव नाही. ‘आपणांस होणाऱ्या गैरसोयीची’ म्हणताच गॅसवाला म्हणाला, “बाई, नीट बोला की!” शेवटी वर जाऊन कागद आणले आणि प्रत्येकाला दोन ओळी लिहून दिल्या. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका, पण सभा शांत झाली. ब्रेडवाल्याने तर घडी घालून खिशात ठेवला. “बायकोला दाखवतो,” म्हणाला. “तिला वाटतं माझी कोणी माफी मागत नाही.”

दुपारी मी भिंगरीची सशांची चादर पाटीवर टाकून चारी बाजूंनी बांधली. तरीही गाड्या येतच राहिल्या! का, ते एका स्कूटरवालीने सांगितलं. सकाळपासून इतक्या गाड्या आत वळल्या होत्या, की फोनमधल्या रस्ता दाखवणाऱ्या बाईचाच समज झाला होता. ती आता प्रत्येकाला मोठ्या गोड आवाजात ‘पुढे वळा’ म्हणून आमच्याकडे पाठवत होती. पाटीवर चादर टाकता येते. त्या बाईच्या तोंडावर काय टाकणार?

सोसायटीने तातडीची बैठक बोलावली. माझं नाव कोणी घेतलं नाही. नुसतं ‘काही रहिवासी’ म्हटलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताठ बसून राहिले. नवऱ्याने माझी बाजू मांडली. म्हणाला, “लिफ्टमध्येही लोक चुकीच्या मजल्यावर उतरतात.” यावर कोणाला काही बोलता येईना, कारण याचा अर्थच कोणाला कळला नाही. शेवटी, पाटी उद्याच काढायची, असं ठरलं.

पण दुसऱ्या दिवशी पाटी काढायला मी शिडीवर चढले आणि खालून आवाज आला, “थांबा!”

रस्ते विभागाचे साहेब होते. हातात मोजपट्टी, कपाळावर घाम, चेहरा मऊ. कोणावर ओरडायचं असेल तर आधी घसा खाकरून परवानगी घेतील असा.

“ही पाटी तुमची?”

“हो. काढतेच आहे.”

“अहो, काढू नका! रस्त्यावर लागलेली पाटी काढायला परवानगी लागते.”

“आणि लावायला?”

“लावायलाही लागते. ती तुम्ही घेतली नाहीत. म्हणजे पाटी कोणत्या नियमाखाली लागली ते आम्हाला ठाऊक नाही. आता लागली कोणत्या नियमाखाली तेच ठाऊक नसेल, तर काढायची कोणत्या नियमाखाली, सांगा बरं?”

“बरोबर आहे त्यांचं,” शिडी धरून उभा असलेला नवरा पुटपुटला. नियम म्हटला की लिफ्टवाल्यांना भरून येतं.

“साहेब, हे रस्त्याचं वळण नाही. अक्षराचं आहे. खाली लिहिलंय बघा.”

साहेबांनी मला खाली उतरवलं, स्वतः शिडी चढून चादर उचलली आणि पाटीला नाक टेकवलं. “अरेच्चा! हे लिहिलंय होय? मला वाटलं माश्या बसल्यात.” मग त्यांनी वाक्य सावकाश वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, “छान. पण चादर काढावी लागेल. पाटी झाकणं हा वेगळा गुन्हा आहे. मी वरती विचारून येतो.”

अशा रीतीने पाटी पुन्हा उघडी झाली. दुसऱ्या दिवशी माझा वर्ग सुरू व्हायचा होता. आणि त्याच दिवशी महिना संपत होता. त्या संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. “सायकल हलवली. उद्या टेंपो पाठवतेय, मागोमाग मी येते. तू फक्त कपडे भर, बाकी मी बघते.”

मी “वहिनी, उद्या माझा वर्ग आहे,” म्हणाले.

“किती मुलं?”

मी ‘दूध उतू जातंय’ म्हणून फोन ठेवला. मुलं एकही आली नव्हती. पाटीने मला अर्ध्या गावाच्या गाड्या मिळवून दिल्या होत्या; विद्यार्थी एकही दिला नव्हता.

सकाळी दहाच्या सुमारास दारावर थाप पडली. दार उघडलं तर एक बाई एका मुलाचा दंड धरून उभी. “याला वळण लावा,” ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. “या ना! कसं आहे अक्षर?”

“अक्षराचं राहू द्या. भाज्या खात नाही, चपला नीट ठेवत नाही, आजोबांना अरे-तुरे करतो.”

तिच्या मागे दुसरी होती. “ही उलट बोलते.”

“मी सुलटच बोलते,” तिने हात धरून आणलेली मुलगी म्हणाली, “आईला उलट ऐकू येतं.”

जिन्यापर्यंत रांग होती! नोकऱ्या गेलेले, घरी बसलेले, मुलांनी पिंजून काढलेले आईबाप, आणि फाटकावर हातभर अक्षरांत ‘वळण’. त्यांना जे हवं होतं तेच त्यांनी वाचलं होतं. बारीक अक्षरं कोण वाचतो? सगळ्यात शेवटी एका बाईंनी चक्क आपल्या नवऱ्याला पुढे केलं. “यांनाही घ्या. हिशेब तपासणीस होते. आता घरी असतात. दिवसभर डबे उघडून बघतात आणि शेरे मारतात.”

“डाळीच्या डब्यात तांदूळ होता,” ते गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले.

मला खरं सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मी त्या रांगेकडे बघितलं, मुलांकडे बघितलं आणि म्हणाले, “मी फक्त अक्षराला वळण लावते. बाकीचं लागलं तर माझी हरकत नाही.” आईबापांनी एकमेकांकडे बघितलं. “किती वेळ घ्याल?” एकीने विचारलं. “दोन तास.” “रोज?” “रोज.” त्या ‘रोज’वर सगळ्यांचे चेहरे असे उजळले, की मला भरून आलं.

एवढी माणसं आमच्या खोलीत मावणार कुठे? मी सगळ्यांना खाली आवारात नेलं. आवारात नेहमीप्रमाणे फोनमधल्या बाईने पाठवलेल्या दोन गाड्या अडकलेल्या होत्या. त्यात एक मोठा टेंपो आत शिरला आणि त्यांना चाटून थेट भिंतीपर्यंत गेला. लांबून आला असावा, अंगावर बोटभर धूळ. त्याच्या मागे एक टॅक्सी. टॅक्सीतून उतरल्या त्या जाऊबाई.

“पत्ता अगदी सोपा झाला गं,” त्या म्हणाल्या. “पाटीच दारात आणून सोडते.” मग त्यांनी माझ्यामागची रांग पाहिली. “हे सगळे सामान उचलायला आलेत?”

सेक्रेटरी टॅक्सीवाल्यावर धावून गेले. “मागे घ्या ती गाडी!”

“आज शक्य नाही, उद्या या,” टॅक्सीवाला म्हणाला आणि लगेच ओशाळला. “सॉरी हो, सवय आहे. बँकेत मॅनेजर होतो. गाडी चालवायला नवीनच लागलोय. पुढे जायला शिकलोय. मागे कसं जायचं ते पुढच्या आठवड्यात शिकवणार आहेत.”

म्हणजे टॅक्सी हलेना, टॅक्सी हलेना म्हणून टेंपो हलेना. पुढे जायला भिंत, मागे यायला मॅनेजर. आणि माझ्याकडे फळा नाही, पाट्या नाहीत, आणायला म्हणून नवरा गेला तो गाड्यांच्या पलीकडे अडकलेला. मुलं चुळबुळायला लागली. एकाने दुसऱ्याला ढकललं. आईबाप बघत होते. जाऊबाई बघत होत्या.

तेवढ्यात भिंगरीने टेंपोच्या धुळीवर बोट ओढलं. लांब, गोल, वळून परत येणारी रेघ.

“हां!” मी ओरडले. “सगळे इकडे या! हीच आपली पाटी!”

“अहो बाई, माझ्या गाडीवर काय लिहिताय!” टेंपोवाला खाली उतरला.

“धुऊन देते! शप्पथ! आता एक बोट वर करा सगळ्यांनी. कोणतंही. नाकातलं आधी बाहेर काढा. आज आपण ‘ळ’ शिकायचा.”

“‘अ’ आधी असतो,” उलट बोलणारी म्हणाली.

“असतो ना. ‘अ’ला सगळे पहिला बसवतात. ‘ळ’ला कोणी पहिला बसवत नाही. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द सांग बरं?”

तिने विचार केला. हिशेब तपासणिसांनीही केला. मॅनेजर गाडीतून उतरून आला आणि तोही विचार करायला लागला. कोणाला सापडेना. “बिचारा,” भाजी न खाणारा म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून त्या बिचाऱ्याला जवळ केलं. एक पोट इकडे, एक पोट तिकडे, खाली एक शेपटी. टेंपोच्या एका अंगावर मुलांचे ‘ळ’, दुसऱ्या अंगावर मोठ्यांचे. मुलांचे हसरे, मोठ्यांचे जरा पोक काढलेले. हिशेब तपासणिसांनी एकाखाली बारीक शेरा मारला: ‘शेपूट कमी’. मी धावत होते, बोट धरून फिरवत होते, ‘इथे थांब, आता वळ, हळू, हां, आता सोड!’ म्हणत होते. माझा पदर धुळीने माखला, घसा बसला. मी इतकी वर्षं बसून लोकांच्या माफ्या मागत होते. आणि आज कोणी माझ्यावर चिडलेलं नव्हतं! टेंपोवालासुद्धा मागच्या फळीवर चोरून एक ‘ळ’ काढत होता.

जाऊबाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. आता त्या म्हणतील, झाला खेळ तेवढा पुरे, चला, कपडे भरा. त्यांनी टेंपोला एक फेरी मारली. एका ‘ळ’पाशी थांबल्या. मग मॅनेजरला म्हणाल्या, “तुमची दोन्ही पोटं एकाच बाजूला आलीत.” आणि पर्स काखेत मारून त्यांनी बोटाने स्वतःच एक काढून दाखवला. भलताच सुरेख निघाला. त्यांनाही वाटलं नव्हतं.

“वहिनी!” मी म्हणाले.

“काय वहिनी? शाळेत पहिली यायचे मी हस्ताक्षरात.” त्यांनी बोट रुमालाला पुसलं, रांगेवरून नजर फिरवली. “हे सगळे उद्याही येणार?”

“रोज येणार,” चपला नीट न ठेवणाऱ्याची आई मागून घाईघाईने म्हणाली.

जाऊबाईंनी रुमालाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. मग टेंपोवाल्याकडे वळल्या. “तुम्ही रिकामेच परत जा. माझी सायकल हलवायचीय. जागेवर ठेवायचीय परत.” आणि मला, थोड्या दबक्या आवाजात, “खोली काय, तिथेच आहे. पण तू काही कपडे भरू नकोस हो. एवढ्यात तरी.”

ज्या बाईने शेकडो लोकांना पत्रं लिहिली, तिला ‘बरं’ एवढंही म्हणता आलं नाही. भिंगरीने माझ्या पायाला मिठी मारली म्हणून बरं झालं, खाली वाकायला कारण मिळालं.

आणि याच वेळी रस्ते विभागाचे साहेब गाड्यांमधून अंग चोरत आत आले. हातात मोजपट्टी आणि गुंडाळलेला नकाशा. “विचारून आलो वरती,” ते धापा टाकत म्हणाले. “पाटी काढता येणार नाही. एकदा वळण लागलं की नोंद होते. पण घाबरू नका, चांगली बातमी आहे.” त्यांनी नकाशा टॅक्सीच्या टपावर पसरला. “हे तुमचं आवार. ही भिंत. आणि भिंतीपलीकडे हा बघा, रस्ता!”

आम्ही सगळे भिंतीकडे बघायला लागलो. मॅनेजर टाचा उंचावून पलीकडे डोकावला. “माळ आहे,” तो म्हणाला.

“प्रत्यक्षात माळ आहे. नकाशात रस्ता आहे. मंजूर होऊन कित्येक वर्षं झाली. वळणच नव्हतं म्हणून काम अडलं होतं.” साहेबांनी माझ्याकडे मोठ्या आदराने बघितलं. “ते तुम्ही दिलंत, बाई.”

टाळ्या कोणी सुरू केल्या ते माहीत नाही, पण मुलांना निमित्तच हवं होतं. सेक्रेटरी भिंतीला टेकून खाली बसले. आईबाप उद्याची वेळ विचारत होते, हिशेब तपासणीस आपण मोठ्यांच्या गटात आहोत की मुलांच्या, ते विचारत होते, साहेबांना आपल्या मुलीसाठी जागा हवी होती. मी सगळ्यांना हो म्हणत होते. पुढच्या महिन्यात काय होईल, ही माणसं रोज येतील का, यांच्या नोकऱ्या परत आल्या की मुलांना कोण आणील, हे सगळं मला कळत होतं, आणि तरी हो म्हणत होते.

भिंगरीला मी कडेवर घेतलं. तिचं बोट काळं झालं होतं. तिने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा फाटकाकडे, आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे फिरवलं.

“आई,” ती म्हणाली, “वळण तर आलं. मग आता रस्ता कधी येणार?”